शेपूट घातलेला पक्षी

मास्तरांना 'नाही' म्हणायचा कंटाळा आला होता. 'हो' म्हटलं की समोरचा माणूस समाधानानं निघून जातो. 'नाही' म्हटलं की तो थांबतो, मान तिरकी करतो आणि पुढच्या वाक्याची वाट बघतो. का नाही? मग कधी? आणि बायको गेल्यापासून मास्तरांकडे ते पुढचं वाक्य नसायचं. त्यामुळे शेजारच्या चावीवाल्यानं "मास्तर, जेवलात का?" विचारलं की हो. "झोप लागते ना?" हो. लेक फोनवर "बाबा, खरंच बरे आहात?" हो. त्यात आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटायचं नाही. वारा आला की माणूस खिडकी लोटून घेतो, त्यात खरं-खोटं काय असतं?

दुकान धक्क्याच्या मागच्या गल्लीत होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे कुरकुरणारा लाकडी जिना. बोटींची शिडं, ताडपत्र्या, बाकांच्या गाद्यांचे अभ्रे आणि निशाणं, एवढंच काम. सदरा शिवायला कुणी आलं तर मास्तर त्याला दोन गल्ल्या पलीकडचा पत्ता सांगत. कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली: मास्तर कापायचे, बायको शिवायची. एक शिवण पुरी झाली, मशीन थांबलं, की ती मान वर न करता म्हणायची, "कापा." मास्तर हातातलं सोडून वाकायचे आणि दोरा कापायचे. तिच्या हाताशी कात्री ठेवता आली असती. पण एका दुकानात दोन कात्र्या चालल्या की कापड कमी आणि भांडणं जास्त, असं तिचं म्हणणं. एकदा एका नव्या गिऱ्हाइकानं दचकून विचारलं होतं, "बाई कुणाला कापा म्हणतायत?"

"जो मधे बोलतो त्याला," ती म्हणाली होती.

या दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेला यॉट क्लब. शर्यतींसाठी लागणारी चौकोनी, पट्ट्यापट्ट्यांची, रंगीत निशाणं इथूनच जायची. पण खरं मानाचं काम एकच. क्लबचं स्वतःचं निशाण. निळं, तिकोनी, आणि त्यावर पांढरा पक्षी. पक्ष्याचं तोंड कायम डोलकाठीकडे, शेपूट मोकळ्या टोकाकडे. निशाण या बाजूनं बघा नाहीतर त्या बाजूनं, पक्षी काठीकडेच बघतो. हे साधायला निळ्या कापडावर पांढरं कापड ठेवून पक्ष्याच्या रेषेवरून दाट शिवण मारायची, मग वरून शिवणीबाहेरचं पांढरं कापून टाकायचं आणि मागून शिवणीच्या आतलं निळं. शिवण तिची, कापणं मास्तरांचं. मागून कापताना कात्रीचं टोक दोऱ्याला लागलं तर सगळा पक्षी उसवतो. इतक्या वर्षांत ते कधी लागलं नव्हतं.

ती जाऊन काही आठवडे झाले असतील, तेव्हा क्लबचे सेक्रेटरी दुकानात आले. हे गृहस्थ दिवसा शाळेत भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी क्लब चालवायचे, त्यामुळे दोन्हीकडे ते पोरं सांभाळतात असं लोक म्हणत. आल्या आल्या ते तिच्या स्टुलावर बसले. कुठं बसलो ते लक्षात आलं तसे चटका बसल्यासारखे उठले. मग असं उठणं जास्त वाईट दिसलं असं वाटून पुन्हा बसले.

"मास्तर, गेल्या शर्यतीत काय झालं ते कानावर आलंच असेल."

"हो," मास्तर म्हणाले. त्यांच्या कानावर काहीच आलं नव्हतं.

"मग काय सांगू तुम्हाला! अहो, पलीकडच्या काठाच्या क्लबनं धक्क्यावर हा एवढा फलक लावला. 'पाहुण्यांचं स्वागत! शेपूट घालून आलात, शेपूट घालूनच जाल.' आम्हाला कळेना हा काय प्रकार. तर बोट कुठं दाखवतात? आमच्या निशाणाकडे! म्हणे, तुमच्या पक्ष्याला शेपूट कुठंय? घातलंय ना ते दोन पायांत!" सेक्रेटरींचा आवाज वर्गात चढतो तसा चढला. "आणि मास्तर, मी मान वर करून बघितलं, तर खरंच नव्हतं हो."

मास्तरांनी मागच्या दारातून बाहेर बघितलं. तिथून क्लबची डोलकाठी दिसायची. निशाण फडकत होतं. पक्षी गुबगुबीत होता, पाठीशी गोल होता आणि संपायला हवा त्याच्या जरा आधीच संपत होता.

सेक्रेटरींनी पिशवीतून एक गुंडाळी काढून टेबलावर पसरली. क्लबच्या कपाटात सगळ्यात मागे एक चांदीचं ताट सापडलं होतं, क्लब सुरू झाला तेव्हाचं. त्याच्यावर कोरलेला पक्षी त्यांनी कागदावर मोठा करून आणला होता. बारीक अंगाचा, लांब पंखांचा, आणि मागे कात्री उघडावी तसं दुभंगलेलं लांबलचक शेपूट.

"सुरय आहे तो! पाण्यावर तीरासारखा सूर मारतो तो सुरय. आणि आपण इतकी वर्षं कबुतर फडकवतोय." ते जीभ चावून थांबले. "चूक कुणाचीच नाही बरं का. आमच्या पत्रांवरचं, पेल्यांवरचं चिन्हसुद्धा निशाणावरूनच काढलेलं. त्यामुळे सगळीकडे कबुतरच."

चूक तशी कुणाचीच नव्हती. असलीच तर वाऱ्याची. निशाण फडकतं तेव्हा काठीकडची बाजू जेमतेम हलते आणि मोकळं टोक चाबकासारखं फटकारत राहतं. म्हणून तेच आधी विसकटतं. विसकटलं की निशाण दुकानात यायचं, मास्तर चार बोटं टोक कापून टाकायचे, ती नवी दुमड मारायची, निशाण परत काठीवर. आणि कापड अगदीच विरलं की नवं शिवायचं, ते जुन्यावरून. 'जुनं आणा, नवं न्या' हा दुकानाचा नियमच होता. जुनं निशाण नव्या कापडावर पसरायचं आणि खडूनं गिरवायचं. म्हणजे नवं निशाण जन्माला यायचं तेच मागच्याच्या कापलेल्या शेपटासकट. पुढं त्याचंही टोक विसकटायचं, आणखी चार बोटं जायची. असं पिढ्यान्‌पिढ्या. कापलेलं शेपूट तसंच तोडल्यासारखं ठेवणं तिला बघवायचं नाही. "पाखराचं शेपूट दारात सापडल्यासारखं दिसतंय," म्हणून ती दर वेळी ते जरा गोल करायची. शेपूट गोल केलं की पोट बारीक दिसायचं, म्हणून पोट थोडं भरायची. आणि मग एवढ्या पांढऱ्यात काहीतरी हवं म्हणून तिनं त्याला डोळा दिला. हातानं, निळ्या दोऱ्याची एक गाठ आणि भोवती बारीकसं कडं. तो कुणी सांगितला नव्हता. इतकी वर्षं त्याबद्दल कुणी बोललंही नव्हतं.

"ताटावरच्या पक्ष्याला डोळा नाहीये," सेक्रेटरी म्हणाले. "तेवढा वगळा. बाकी हुबेहूब."

"हो."

"आणि एक. या खेपेला जुनं नमुन्याला लागणार नाही, चित्रच आहे. तेव्हा ते उतरवून तुमच्याकडे पाठवत नाही. छोटासा समारंभ ठेवलाय, पलीकडच्यांनाही बोलावलंय. त्यांच्या समोरच जुनं खाली, नवं वर. तुम्ही यायचंच. चालेल ना?"

"हो," मास्तर म्हणाले.

सेक्रेटरी गेले. मास्तर कागदाकडे बघत उभे राहिले, आणि आपण कशाला हो म्हटलं ते त्यांना सावकाश कळलं. थंडीत बधिर झालेल्या बोटाला कापलेलं कळतं तसं, आधी दिसलं, मग कळलं. जुनं निशाण दुकानात येणार नव्हतं.

आजवर आलेल्या सगळ्या जुन्या निशाणांच्या त्यांनी चिंध्या केल्या होत्या. मशीनचं तेल पुसायला, रंगाचे ब्रश गुंडाळायला. एकही ठेवलं नव्हतं. जी माणसं शेजारच्या स्टुलावर बसलेली असतात त्यांचं काम कोण जपून ठेवतो? ताडपत्र्यांवर तिची शिवण होती, या किनाऱ्यावरच्या अर्ध्या शिडांवर होती. पण सरळ शिवणीत माणूस ओळखू येत नाही. डोळा ओळखू यायचा. आणि डोळा असलेला पक्षी आता जगात एकच उरला होता. तो तिनं अंथरुणावर बसून, उशीला टेकून पुरा केला होता. मास्तर औषध आणायला गेले होते. परत आले तेव्हा ती झोपली होती, निशाण घडी करून पायाशी ठेवलं होतं आणि क्लबचा रखवालदार ते न्यायला दारात उभा होता. घडी न उलगडता मास्तरांनी ते त्याच्या हातात दिलं.

दुपारी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. चार घरं सोडून राहायची. एक दिवसाआड ती डबा घेऊन यायची आणि मास्तर जेवून उठेपर्यंत समोर बसून राहायची, कारण भरला डबा चावीवाल्याच्या कुत्र्याला घालताना तिनं त्यांना एकदा पकडलं होतं.

"हे काय आणि?" तिनं कागदाकडे बोट केलं.

मास्तरांनी सांगितलं. सांगताना आवाज सपाट होता, गिऱ्हाइकाला कापडाची रुंदी सांगावी तसा.

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"हो."

"भाऊजी, उद्या कुणी येऊन म्हणालं की मास्तर, तुमचं डोकं जरा कापून न्यायचंय, चालेल ना, तर तुम्ही मान पुढं कराल." ती खुर्ची ओढून अगदी जवळ बसली. "एक विचारू? रडलात का तरी एकदा?"

"हो."

"कधी?"

मास्तर घास चावत राहिले.

"खोटारडे," मेहुणी म्हणाली, पण आवाज खाली आणून. "हे बघा, सोपं आहे. तिथं जायचं आणि एक वाक्य बोलायचं. जुनं मला द्या. म्हणा बघू."

"जुनं मला द्या."

"माझ्याकडे कशाला मागता, माझ्याकडे आहे का ते? त्यांच्याकडे मागा!" ती हसली. मास्तरांनाही कळलं की इथं हसायचं असतं. त्यांनी तोंडाचे कोपरे वर नेले आणि पुन्हा जागेवर आणले.

कापड बेतून कापणं दोन तासांत झालं. शिवणं मात्र मास्तरांनी कधी केलं नव्हतं. म्हणजे येत होतं. इतकी वर्षं शेजारी उभं राहिल्यावर येतंच. पण पक्ष्याची शिवण म्हणजे एका हातानं कापड वळवत राहायचं आणि दुसऱ्यानं ताणत राहायचं, आणि मास्तरांचे दोन्ही हात कात्रीचे. शेपटाच्या दुभंगात शिवण तीनदा वाकडी गेली, तीनदा उसवली. एकदा सुई नखाच्या कडेला लागली. पांढऱ्या पंखावर लाल ठिपका दिसला तेव्हा ते कळलं. गार पाणी आणि मिठानं त्यांनी तो काढला.

एक शिवण संपायची, मशीन थांबायचं, आणि मास्तर थांबून राहायचे. मग पुढची शिवण सुरू करायचे. दोरे तसेच राहायचे. आपण कापत नाही आहोत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. सेक्रेटरी निशाण बघायला आले, चष्मा वर करून म्हणाले, "वा! पण मास्तर, हे दोरे लोंबतायत सगळीकडे." तेव्हा मास्तरांनी बघितलं. पक्ष्याच्या कडेनं सगळीकडे पांढरे दोरे लोंबत होते, ओल्या कुत्र्याच्या पोटाखालच्या केसांसारखे. त्यांनी एकेक करून ते कापले. कुणी काही म्हणालं नाही. खोलीत फक्त कात्रीचा आवाज होता.

समारंभ संध्याकाळी, भरतीच्या वेळी होता. क्लबच्या हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या मांडल्या होत्या. क्लबचे अध्यक्ष बोटींची इंजिनं विकायचे. आवाज तसाच होता, सुरू झाला की सगळं हादरायचं. पलीकडच्या काठाच्या क्लबच्या अध्यक्ष दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे, खांदे शिडाच्या दोऱ्या ओढून रुंद झालेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायची सवय. फलक त्यांनीच लावला होता हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांनाही त्याचा पश्चात्ताप नव्हता.

मास्तरांना पहिल्या रांगेत बसवलं. मेहुणी मागच्या रांगेत, बरोबर त्यांच्या पाठीमागे. खुर्चीच्या फटीतून तिनं बोट टोचलं. "वाक्य लक्षात आहे ना?"

"हो."

जुनं निशाण खाली येऊ लागलं. रखवालदार दोरी हळूहळू सोडत होता. पक्षी जवळ येत गेला तसा मोठा होत गेला, आणि मग त्याचा डोळा दिसला. रखवालदारानं ते जमिनीला लागू न देता हातावर घेतलं, घडी केली आणि अध्यक्षांकडे दिलं. नवं वर गेलं. वाऱ्यानं ते उलगडलं आणि शेपूट लांब, दुभंगलेलं, लखलखीत पांढरं, असं काही फटकारलं की खुर्च्यांमधून टाळ्या झाल्या. चांगलं दिसत होतं. मास्तरांनाही ते कळत होतं.

जुनं मला द्या, असं ते मनात म्हणून बघत होते. तीनच शब्द. ते उठून उभे राहिले.

"हां, मास्तर उभे राहिलेच आहेत, टाळ्या!" अध्यक्ष गरजले. टाळ्या झाल्या. "आता मंडळी, या कबुतराचं काय करायचं?" त्यांनी घडी उंच धरली. लोक हसले. "माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. पलीकडच्या मंडळींचा आमच्या शेपटावर फार जीव. इतकी वर्षं दुसरीकडे त्यांचं लक्षच नाही! तेव्हा आम्ही हे शेपूट कायमचं त्यांनाच भेट देतो. बाई, सांभाळा. आमचं आम्हाला नवं फुटलंय!"

हिरवळीवर हशा उसळला. डॉक्टरीणबाई हसत उठल्या आणि हात पुढे केले. मग त्यांना काहीतरी वाटलं असावं. त्या थांबल्या आणि मास्तरांकडे वळल्या.

"पण ज्यांनी शिवलं त्यांना विचारलंत का? मास्तर, मी नेलं तर चालेल ना?"

सगळी हिरवळ मास्तरांकडे बघत होती. पाठीमागे मेहुणीचा श्वास थांबलेला त्यांना ऐकू आला. त्यांनी तोंड उघडलं.

"हो," मास्तर म्हणाले.

परत येताना मेहुणी चार पावलं पुढं चालत राहिली. कोपऱ्यावर आपल्या घराकडे वळताना ती म्हणाली, "उद्याचा डबा कुत्र्याला घाला खुशाल," आणि गेली. दुसऱ्या दिवशी मात्र डबा घेऊन आलीच, आणि समोर बसली.

दिवस गेले. वाऱ्याचा मोसम चढला. मास्तर ताडपत्र्या शिवत, दोरे लोंबत ठेवत, मग संध्याकाळी एकदम सगळे कापत. मागच्या दारातून नवं निशाण दिसायचं. लांब शेपूट वाऱ्यात जास्तच फटके मारायचं. त्याच्या दोन्ही टोकांना आता पिंजल्यासारखी पांढरी धूसर कड आली होती. मास्तर ते बघायचे आणि मनात काही उमटायचं नाही. विसकटणार हे ठाऊकच होतं.

एका सकाळी मेहुणी डबा उघडत असताना दुकानाच्या दारात डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी.

"मास्तर, फजिती झाली आमची," त्या म्हणाल्या आणि सरळ स्टुलावर बसल्या, न उठता. "गंमत म्हणून तुमचं कबुतर आमच्या काठीवर लावलं, आमच्या निशाणाच्या खाली. आणि जिंकायला लागलो! एक शर्यत, दुसरी, तिसरी. आता ते काठीवर नसलं तर आमची मंडळी बोटी पाण्यात ढकलायला तयार होत नाहीत. शिकलीसवरलेली माणसं, एक तर वकील आहे! पण हे बघा."

त्यांनी पिशवीतून निशाण काढून टेबलावर पसरलं. निळा रंग उन्हानं विटला होता. मोकळं टोक चिंध्याचिंध्या झालं होतं आणि चिरा पक्ष्याच्या गोल शेपटापर्यंत पोचल्या होत्या. काही ठिकाणी तिची शिवण एकटीच, कापडाशिवाय, हवेत उरली होती.

"हलता दात आणि विसकटलेलं टोक, ठेवून उपयोग नाही. काढून टाकायचं." बाईंनी बोटानं शेपटावर आडवी रेघ ओढली. "इथून कापा आणि दुमड मारा. पाच मिनिटांचं काम. मी थांबते. चालेल ना?"

मास्तरांनी त्या रेघेकडे बघितलं. रेघ तिच्या शिवणीवरून गेली होती.

मेहुणीच्या हातातलं झाकण हवेत होतं. तिनं डोळे मिटून घेतले होते. उत्तर तिला पाठ होतं.

"नाही," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मान तिरकी केली आणि पुढच्या वाक्याची वाट बघितली. सगळेच बघतात. मास्तरांनीही ते वाक्य शोधलं. बराच वेळ लागला. बाहेर चावीवाल्याचं यंत्र एक चावी घासून थांबलं.

"कापड विरलंय. दुमड धरणार नाही," ते म्हणाले. हे खरं नव्हतं. दुमड आणखी एक मोसम धरली असती. "नवं शिवून देतो. असंच. डोळ्यासकट."

"असंच? शेपूट घातलेलं?" बाई हसल्या. "मग तर सोन्याहून पिवळं! कधी देता?"

"आठवड्यानं. जुनं इथंच राहील. दुकानाचा नियम आहे. जुनं आणा, नवं न्या."

"राहू दे की. मला काय करायच्यात चिंध्या?" बाई उठल्या. जाता जाता दारात वळून म्हणाल्या, "आणि मास्तर, उजवीकडची दाढ दाखवून जा एकदा. बोलताना त्या बाजूनं तोंड चुकवताय."

त्या गेल्यावर मेहुणीनं डोळे उघडले आणि झाकण खाली ठेवलं. ती काहीतरी बोलणार होती, पण मास्तरांनी निशाण उलटं करून पसरलं होतं आणि ते त्याच्यावर वाकले होते, म्हणून ती नुसतीच जवळ येऊन उभी राहिली.

मागची बाजू. इथलं कापणं मास्तरांचं. शिवणीला लागून, कुठंही दोऱ्याला न शिवता गेलेली निळी कड. आणि डोळ्याच्या मागे, गाठीतून निघालेला निळा दोरा. बोटभर लांब. टोकाशी वाऱ्यानं पिंजून त्याचा गोंडा झाला होता. तो कुणी कापलेला नव्हता.

मास्तर औषध आणायला गेले होते. तिनं डोळा पुरा केला असणार, गाठ मारली असणार, आणि मान वर न करता म्हटलं असणार. मग थोडा वेळ थांबली असेल. मग घडी करून निशाण पायाशी ठेवलं असेल. तो दोरा तसाच काठीवर चढला, दोन्ही काठांवर फडकला आणि परत आला.

मास्तरांचा हात सवयीनं कात्रीकडे गेला. कात्री हातात आली. ते तसेच उभे राहिले. मशीन थांबल्यावर राहायचे तसे.

"कापा की भाऊजी," मेहुणी हळूच म्हणाली. "कशाची वाट बघताय?"

आवाज बहिणीसारखा नव्हता. शब्द तोच होता. मास्तरांची बोटं कात्रीच्या कड्यांत आवळली आणि पुन्हा सैल झाली. त्यांनी कात्री टेबलावर ठेवली, पात्यांची टोकं निशाणाच्या विरुद्ध बाजूला करून. मग खालून निळं कापड ओढलं, पसरलं, वर जुनं निशाण सुलटं ठेवलं, आणि खडू घेऊन काठीकडच्या बाजूनं गिरवायला लागले. चोच, डोकं, पाठ. शेपटाशी आल्यावर कापड संपलं होतं आणि नुसते दोरे होते. तिथं त्यांनी खडू उचलला नाही. हवेत उरलेल्या शिवणीच्या कडेकडेनं, दोरे बोटानं बाजूला करत, ते गोल वळून आले.

मग खाली वाकून ते ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागले. खूप वेळ वर आले नाहीत. मेहुणीला फक्त त्यांची पाठ दिसत होती.

"भाऊजी," ती म्हणाली. "रडताय का?"

"नाही," ड्रॉवरमधून आवाज आला. "निळा दोरा शोधतोय."